पुरणयंत्राची जाळी आणि सहाशे ग्रे

नव्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. सांगली-मिरजेकडच्या एका रुग्णालयात एकतीस वर्षं मेडिकल फिजिसिस्ट होते, म्हणजे किरणोपचाराच्या (लोकांच्या भाषेत ‘शेका’च्या) यंत्रातून डोस किती पडतो (त्याचं माप ग्रे) आणि नेमका कुठे पडतो ते मोजणारी बाई. डॉक्टर लिहून देणार, आम्ही हिशेब मांडणार, टेक्नॉलॉजिस्ट बटण दाबणार, अशी ती साखळी. त्यामुळे ‘हे औषध घेऊ का’ अशा पत्रांना मी उत्तर देत नाही. ‘हा आकडा असा का’ हे मात्र माझ्या घरचं. या वेळी आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. त्यांतल्या एकाने बरीच जागा खाल्ली, त्याला इलाज नाही.

ताई, माझ्या पत्नीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता शेक चालू आहेत. तिला पंधरा शेकांत ४० ग्रे सांगितलेत. शेजारच्या वहिनींना काही वर्षांपूर्वी पंचवीस शेकांत ५० ग्रे दिले होते. आमचे दहा ग्रे कमी का? पैशाचा प्रश्न असेल तर तसं सांगावं, आम्ही उभे करू. — एक वाचक, इचलकरंजी

पैसे जपून ठेवा. तुमचे दहा ग्रे कुणी कापलेले नाहीत.

वहिनींना रोज २ ग्रे मिळत होते, तुमच्या पत्नीला रोज सुमारे २.६७ मिळतात. एका बैठकीतला डोस वाढला की त्याचा मार नुसता त्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. म्हणून एकूण बेरीज कमी ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये २,२१५ स्त्रियांवर हेच दोन हिशेब समोरासमोर ठेवून पाहिले गेले. दहा वर्षांनी पाहिलं तर पंधरा बैठकींच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त नव्हतं, आणि स्तनाच्या निरोगी भागाला उशिरा होणारे त्रास उलट कमी होते. त्या चाचणीनंतर आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी हाच हिशेब रुळला.

ग्रेचा आकडा एकटा वाचायचा नसतो. किती वेळा, किती दिवसांत, किती जागेवर, हे सगळं मिळून तो आकडा होतो. पॅरिसमध्ये क्लॉडियस रगो नावाच्या संशोधकाने १९२०च्या दशकात मेंढ्याच्या वृषणांवर प्रयोग केले होते. एकाच दणक्यात मेंढा निर्बीज करायला गेलं तर वरची कातडी जळून जायची. तोच डोस तुकड्यातुकड्यांनी काही दिवसांत दिला तर काम व्हायचं आणि कातडी टिकायची. सतत वाढणाऱ्या पेशी म्हणजे एक प्रकारे गाठच, असा त्यामागचा विचार. तुमच्या पत्नीचं रोजचं वेळापत्रक त्या मेंढ्यापासून सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल (हे त्यांना सांगायची गरज नाही).

मॅडम, सगळ्या शरीराला ४ ग्रे बसले आणि उपचार झाले नाहीत तर साधारण निम्मी माणसं दगावतात, असं आमच्या पुस्तकात आहे. मग फ्रान्समधल्या सिंक्रोट्रॉनवर डुकराच्या पिल्लांच्या मेंदूला ६०० ग्रेपर्यंत डोस देऊनही ती नीट वाढली, असं एका लेखात वाचलं ते कसं? छपाईची चूक आहे का? आणि आपल्याकडे असं यंत्र आहे का? — बी.एस्सी. (फिजिक्स) दुसरे वर्ष, नाशिक

छपाईची चूक नाही. तुला जे खटकलं ते बरोबर खटकलं. (इतर वाचकांसाठी: सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात पळवून प्रखर एक्स-रे काढणारं प्रचंड यंत्र.)

आधी ४ ग्रेचंच बघ. ग्रे म्हणजे एक किलो वस्तुमानात एक जूल ऊर्जा. सत्तर किलोच्या माणसात ४ ग्रे म्हणजे २८० जूल. पाऊण चमचा गरम चहा पोटात गेल्यावर शरीराला जेवढी उष्णता मिळते, साधारण तेवढी! लोक ‘शेक’ म्हणतात, मीही आयुष्यभर म्हणत आले, पण यात शेकण्यासारखं काही नाही. ४ ग्रेने अंग एक सहस्रांश अंश सेल्सियसने तापतं. माणूस दगावतो तो ऊर्जेच्या ढिगामुळे नाही. ती ऊर्जा प्रत्येक पेशीच्या डीएनएपर्यंत कशी आणि कुठे वाटली गेली, त्यामुळे. हे वाटप म्हणजे तुझ्या प्रश्नाची किल्ली.

आता माझी एक जुनी खोडी सांगते. १९८९ साली आमच्या विभागाच्या कोपऱ्यात एक जुनं १०० किलोव्होल्टचं एक्स-रे यंत्र होतं, कातडीच्या वरवरच्या आजारांसाठीचं. नव्या कोबाल्ट यंत्रापुढे त्याला कुणी विचारत नसे. होळीच्या आधीच्या रविवारी मी घरून पुरणयंत्राची पितळी जाळी पिशवीत घालून नेली. काळ्या कागदाच्या पाकिटातली एक्स-रे फिल्म टेबलावर ठेवली, वर जाळी ठेवली, यंत्र चालवलं आणि फिल्म धुतली. ओलीच उजेडासमोर धरली तर पांढऱ्यावर काळे ठिपके, सुईने टोचून काढावेत तसे नेटके. छिद्रातून किरण गेले तिथे काळं, पितळेखाली पांढरं.

मग दुसरी फिल्म घेतली. या वेळी जाळी आणि फिल्म यांच्यामध्ये मेणाच्या एकेक सेंटिमीटरच्या चार लाद्या ठेवल्या. मेण किरणांना साधारण आपल्या मांसासारखंच अडवतं, म्हणून आमच्याकडे अशा लाद्या ओतून ठेवलेल्या असत. ही फिल्म धुतली तेव्हा ठिपके होते, पण कडा विरघळलेल्या होत्या. आणि मधली जागा आता पांढरी राहिली नव्हती, राखाडी झाली होती. किरण मेणात शिरताना आडवेतिडवे विखुरतात आणि सावलीतही जाऊन पडतात. त्या दोन फिल्म मी सांभाळून ठेवल्या. तुझ्या लेखातलं सगळं विज्ञान त्यांच्यात आहे.

(जाळी घरी आणल्यावर सासूबाईंनी तिच्यातून पुरण काढायला साफ नकार दिला. पितळ एक्स-रे खाऊन किरणोत्सारी होत नाही, बटण बंद केलं की खेळ संपला, हे मी परोपरीने सांगितलं. त्या वर्षी पुरण पाट्यावर वाटलं गेलं, मीच वाटलं.)

मला वाटलं होतं मी काही नवीन केलं. नंतर कळलं की आल्बान क्योलर नावाच्या जर्मन डॉक्टरने ते १९०९ सालीच माणसांवर केलं होतं. रॉन्टगेनने एक्स-रे शोधले १८९५ साली. त्या काळच्या नळ्यांचे किरण दुबळे, खोल गाठीपर्यंत पोचेपर्यंत वरची कातडी करपून जायची. क्योलरने लोखंडी तारांची जाळी कातडीवर घट्ट दाबून बसवली आणि एरवी कातडीने सोसला नसता एवढा, कित्येक पट डोस दिला. तारांच्या मधल्या बारीक चौकोनांत कातडी जळाली. पण तारांच्या सावलीतली जिवंत होती. तिथल्या पेशी बाजूच्या जळालेल्या चौकोनांत सरकल्या आणि काही आठवड्यांत जखम भरून आली. एवढा मोठा एकसंध चट्टा असता तर मधल्या भागाला जिवंत शेजारच उरला नसता.

शेजार हा शब्द लक्षात ठेव.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतली, १९५९च्या आसपासची. तिथे कॅन्सरचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. माणूस अंतराळात जाणार, तिथे विश्वकिरणांचा एखादा जड कण मेंदूतून आरपार गेला तर काय होईल, ही काळजी होती. म्हणून त्यांनी उंदरांच्या मेंदूतून ड्युटेरॉनचे, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रकांचे, बारीक झोत सोडले. झोत एक मिलिमीटर रुंद असताना १४० ग्रेला मेंदूत पोकळी पडली. मग झोत २५ मायक्रॉनवर आणला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाहून बारीक. तेव्हा झोताच्या वाटेतल्या चेतापेशी मारायला ४,००० ग्रेच्या घरात जावं लागलं, आणि तरीही रक्तवाहिन्या आणि ऊतींची बांधणी जागेवर राहिली, पोकळी झाली नाही. ४,००० ग्रे! इतक्या डोसाने ती ऊती जेमतेम एक अंशाने तापेल, तेही गणित करून पाहा.

हेच सूत्र कॅन्सरकडे वळवलं ते डॅनियल स्लॅटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच ब्रुकहेवनमध्ये, १९९२ साली. ड्युटेरॉनच्या जागी सिंक्रोट्रॉनचे एक्स-रे आणि एका झोताच्या जागी समांतर झोतांची रांग, फणीसारखी. याला मायक्रोबीम उपचार म्हणतात. नंतर या कामाचं मुख्य ठाणं फ्रान्समधल्या ग्रनोब्लचा युरोपीय सिंक्रोट्रॉन झाला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नलाही ते चालतं.

आता हिशेब. समज प्रत्येक पट्टी ५० मायक्रॉन रुंद आहे आणि एका पट्टीच्या मध्यापासून पुढच्या पट्टीच्या मध्यापर्यंत ४०० मायक्रॉन अंतर आहे. पट्टीत ४०० ग्रे. मधल्या भागात विखुरलेले किरण पडतात, माझ्या मेणाखालच्या राखाडीसारखे, तिथे धर ८ ग्रे. सऱ्या-वरंबे डोळ्यांपुढे आण: वरंब्यावर ४००, सरीत ८. सरासरी काढलीस तर ५७ ग्रे येते. मेंदूला एका दणक्यात सरसकट ५७ ग्रे म्हणजे सर्वनाश. पण या मेंदूतल्या एकाही पेशीला ५७ ग्रे मिळालेले नाहीत. आठातला एक भाग ४०० खाऊन मेला, सात भागांना ८ मिळाले. लेखातला ६०० हा वरंब्यावरचा आकडा होता. निरोगी ऊती वाचणार की नाही हे बहुतांशी ठरतं सरीतल्या डोसावर, म्हणून हे काम करणारे लोक वरंबा आणि सरी यांच्या गुणोत्तराला जिवापाड जपतात. एकतीस वर्षं डोस मोजून सरासरीवरचा माझा विश्वास बराच उडाला, त्याचं कारण अशा गोष्टी. आमचं नेहमीचं मोजायचं उपकरण म्हणजे आयन चेंबर, करंगळीच्या दोन पेरांएवढं. ते या झोतांखाली धरलं तर वरंब्याचा आणि सरीचा आकडा वेगवेगळा दाखवायच्या जागी एकच शांत, सभ्य आकडा देईल, आणि तो या मेंदूत कुठेच नसेल. पट्ट्या दिसायला खास फिल्म लागते, आणि ती वाचायला सूक्ष्मदर्शक.

पिल्लांचंही सांगते. ग्रनोब्लला दूध नुकतं तुटलेल्या पिल्लांच्या लहान मेंदूतून साधारण २५ मायक्रॉनच्या पट्ट्या काढल्या, १५० ते ६०० ग्रेच्या. वर्षाहून अधिक काळ त्यांच्यावर नजर ठेवली. चाल, तोल, वागणं इतर पिल्लांसारखंच. नंतर त्या मेंदूचे काप रंगवून पाहिले तेव्हा लहान मेंदूच्या घड्यांमधून आडव्या, एकसारख्या अंतराच्या पांढरट रेघा गेलेल्या दिसल्या, दुरेघी वहीचं पान असावं तशा. रेघेत पेशी नाहीत. रेघेच्या दोन्ही बाजूंना सगळं जागच्या जागी, रक्तस्राव नाही, पोकळी नाही. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझी पहिली फिल्म आठवली.

मग प्रश्न उरतो, गाठ तरी का मरावी? तिलाही शेजार आहेच की. इथे एकमत झालेलं नाही, पण सर्वात जास्त पुरावा रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतो. निरोगी मेंदूतल्या केशवाहिन्या पक्क्या बांधणीच्या असतात. पन्नास मायक्रॉनचा तुकडा मेला तर वरच्या आणि खालच्या जिवंत भागांतून तो पुन्हा सांधला जातो. गाठीतल्या वाहिन्या घाईने वाढलेल्या, कच्च्या, वाकड्यातिकड्या. त्या तुटतात, गळतात, आणि त्यांवर जगणारी गाठ उपाशी मरते. शिवाय दोन दिशांनी पट्ट्या सोडून त्या गाठीवर एकमेकींना छेदतील अशी रचना केली तर तिथे मार वाढतो. मेंदूत गाठ असलेले उंदीर अशा उपचाराने जास्त जगले, काहींची गाठ गेलीही.

सिंक्रोट्रॉनच का हवा? दोन कारणं. पहिलं, झोत मेंदूत खोलवर जाईपर्यंत पसरता कामा नये. पुरणाच्या जाळीचं यंत्र तीस सेंटिमीटरवर होतं, त्याचे किरण हाताच्या बोटांसारखे फाकत होते; सिंक्रोट्रॉनचे जवळजवळ समांतर जातात. दुसरं जास्त मजेशीर. मेंदू स्थिर नसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो किंचित हलतो. तुझी पट्टी ५० मायक्रॉनची आणि डोस द्यायला मिनिट लागलं, तर पट्ट्या पुसल्या जाणार, ओल्या रांगोळीवरून पदर गेल्यासारख्या. म्हणून सगळा डोस एका ठोक्याच्याही आत देऊन मोकळं व्हावं लागतं. सेकंदाला हजारो ग्रे देणारा प्रखर स्रोत म्हणजे सिंक्रोट्रॉन.

आपल्याकडे आहे. इंदूरला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, परीघ सुमारे १७२ मीटर, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. ग्रनोब्लचं वर्तुळ ८४४ मीटरचं आणि ऊर्जा ६ अब्जांची. इंडस-२ पदार्थविज्ञान, रसायन, प्रथिनांची रचना, इमेजिंग अशा कामांसाठी आहे, रुग्णांवरच्या उपचारांसाठी नाही. पण सहल काढायची असेल तर एखाद्या प्राध्यापकांच्या मागे लाग. इंदूर आहे, मराठी ऐकायला मिळेल आणि सराफ्यात पोटही भरेल.

माझ्या भावाला ग्लिओब्लास्टोमाचं (मेंदूच्या कॅन्सरचं) निदान झालं आहे, वय ४८. ऑपरेशन झालं. डॉक्टर सहा आठवड्यांचे किरणोपचार आणि गोळ्या म्हणतात. जर्मनीतल्या आमच्या भाच्याने फ्रान्सच्या मायक्रोबीमबद्दल कळवलं आहे. त्यासाठी थांबावं का? व्हिसाला दोन महिने लागतील. — एक बहीण, पुणे

थांबू नका. हे मी डॉक्टर नसतानाही लिहिते, कारण हा उपचाराच्या निवडीचा प्रश्नच नाही. मायक्रोबीम उपचार जगातल्या कुठल्याही रुग्णालयात नियमित मिळत नाही. ग्रनोब्लचं यंत्र हे रुग्णालय नव्हे, प्रयोगशाळा आहे. तिथवर उंदीर, पिल्लं, आणि मेंदूत गाठ असलेला एक पाळीव कुत्रा, इथपर्यंत काम आलेलं आहे. कुत्र्याचं डोकंही आपल्यापेक्षा लहान.

आणि डोक्याच्या आकाराला फार महत्त्व आहे. मायक्रोबीमचे एक्स-रे साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. असे किरण पाण्यासारख्या माध्यमात दर चार सेंटिमीटरला निम्मे होतात. आठ सेंटिमीटर खोल गाठीपर्यंत चौथा हिस्सा पोचतो. जितकं खोल जावं तितकं विखुरणं वाढतं आणि सऱ्या भरत जातात. तेच पट्ट्यांचं क्षेत्र मोठं केलं तरी होतं. उंदराच्या मेंदूत जे सुरेख दिसतं ते प्रौढ माणसाच्या कवटीत तसंच दिसेल असं नाही. रुग्णालयातलं नेहमीचं किरणोपचाराचं यंत्र, मेगाव्होल्टचं लिनॅक, खोलवर सहज जातं, पण त्याच्या किरणांनी मांसात उसळलेले इलेक्ट्रॉन बाजूला मिलिमीटरभर तरी धावतात. पन्नास मायक्रॉनची पट्टी तिथे टिकतच नाही. उर्जा वाढवावी तर पट्टी पुसते, कमी करावी तर खोली मिळत नाही. हे काम तीस वर्षांहून जास्त चालू असून रुग्णापर्यंत का आलं नाही, त्यातलं मोठं कारण हे.

तुमच्या भावाला सांगितलेला उपचार, ६० ग्रे तीस बैठकींत आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, हा २००५ पासून जगभर याच आजारासाठी प्रमाण मानला जातो. तो पुण्यात मिळतो. भाच्याला म्हणावं, तू तुझ्या मामाला फोन कर, रोज कर, त्याचा उपयोग होईल. आणि उपचारात डोकं हलू नये म्हणून मास्क बनवतात, त्या दिवशी तुम्ही बरोबर जा. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर घट्ट बसवतात, ती थंड होऊन कडक होते, आणि पहिल्या दिवशी माणूस त्या मास्कला जेवढा घाबरतो तेवढा किरणांना घाबरत नाही. त्याला सांगा, नाकातोंडाशी छिद्रं असतात, बोलता येतं, हात वर केला की आम्ही आत पळत येतो.

‘फ्लॅश’ नावाच्या उपचारात एका क्षणात सगळा डोस देतात आणि दुष्परिणाम होत नाहीत म्हणे. हे पट्ट्यांसारखंच आहे का? खारघरला प्रोटॉन आलंय ते हेच का? — निवृत्त शिक्षक, ठाणे

तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत आल्या.

पट्ट्यांमध्ये डोस जागेवर वाटला जातो. फ्लॅशमध्ये तो सगळीकडे सारखाच पडतो, फक्त वेळ आवळतात. नेहमीच्या यंत्रातून मिनिटाला काही ग्रे मिळतात, फ्लॅशमध्ये सेकंदाला चाळीस किंवा जास्त. पॅरिसच्या क्यूरी संस्थेतल्या फावोदाँ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की अशा वेगाने दिलेल्या डोसाने उंदरांच्या फुप्फुसात फायब्रोसिस (ऊती व्रणासारखी कडक होणं) खूप कमी झाला आणि गाठ मात्र तेवढीच दबली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कातडीचा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) असलेल्या ७५ वर्षांच्या एका गृहस्थांच्या साडेतीन सेंटिमीटरच्या गाठीला १५ ग्रे दिले, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात. गाठ गेली, कातडीला मामुली त्रास झाला. अमेरिकेत सिनसिनाटीला हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दहा रुग्णांना प्रोटॉनच्या फ्लॅशने ८ ग्रे दिले, तेही सुखरूप पार पडलं.

‘दुष्परिणाम होत नाहीत’ हे मात्र वर्तमानपत्राचं वाक्य. नाकाच्या शेंड्याला कॅन्सर झालेल्या मांजरांवर ३० ग्रेचा एकच फ्लॅश डोस देऊन पाहिला तेव्हा त्यांतल्या काहींचं जबड्याचं हाड पुढे कित्येक महिन्यांनी सडलं, आणि ती चाचणी आवरती घ्यावी लागली. उशिरा होणारे त्रास उशिराच दिसतात. फिजिसिस्टांच्या बैठकांत मांजरांची ही गोष्ट काढली की खोली जरा शांत होते.

खारघरच्या ॲक्ट्रेकमधलं (टाटा मेमोरियलच्या केंद्रातलं) प्रोटॉन केंद्र २०२३ पासून रुग्णांसाठी चालू आहे. तिथला फायदा तिसराच: प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, गाठीच्या पलीकडे जवळजवळ काही जात नाही. ना पट्ट्या, ना फ्लॅश.

पट्ट्यांची जाडजूड भावंडं मात्र माणसांपर्यंत पोचली आहेत, ते सांगायला हवं. मिनिबीममध्ये पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे मेंदूच्या ठोक्याने ती पुसत नाही आणि सिंक्रोट्रॉन लागत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकने साध्या किलोव्होल्ट यंत्रावर ती मोजक्या रुग्णांना दिली आहे. आणि क्योलरची जाळी आता लिनॅकला बसते: सेंटिमीटरभर छिद्रांचा जाड धातूचा ठोकळा, खूप मोठ्या, अवघड गाठीला एकदाच १५-२० ग्रे, मग पुढे नेहमीचा उपचार. काही मोठ्या केंद्रांत हे करतात. यात बारीक पट्ट्यांची ती जादू नाही, पण मुठीएवढी गाठ निम्मी होऊन रुग्ण पुन्हा गिळायला लागला, तर त्याला जादूच्या प्रकाराशी काय करायचंय?

माझे शेक चालू आहेत (गर्भाशयमुख, बाहेरून यंत्राने). सून नातवाला माझ्याजवळ येऊ देत नाही, वय दीड वर्षं. म्हणते तुमच्या अंगातून किरण येतात. रात्री तो रडतो तेव्हा मला दाराशी उभं राहावं लागतं. — आजी, सातारा जिल्हा

आजी, सुनेला हे पान वाचून दाखवा. बाहेरच्या यंत्रातून आलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. अंगात काही उरत नाही, अंगातून काही येत नाही, कपड्यांना, भांड्यांना, दुधाला काही लागत नाही. माझ्या सासूबाईंना पितळेच्या जाळीबद्दल हीच शंका होती, त्यामुळे सुनेवर रागावू नका, तिला काळजी आहे.

पुढे तुम्हाला कदाचित आतूनही उपचार देतील, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. त्यात किरणोत्सारी स्रोत नळीतून काही मिनिटं आत येतो आणि आपल्या तिजोरीत परत जातो. तुम्ही खोलीबाहेर येण्याआधी तिथले लोक मीटर लावून तो परत गेल्याची खात्री करतात. ते काम मी हजारो वेळा केलं आहे. त्या दिवशीही घरी गेल्यावर नातवाला घेता येतं.

फक्त पोटावर जिथे खुणा केल्या आहेत तिथे त्याला पाय झाडू देऊ नका, कातडी नाजूक झालेली असते. कुशीला घ्या. आज रात्रीपासून.